उंबरठा कुणी ठरवला?

(राष्ट्रीय विज्ञान दिन आणि ८ मार्च यांचं निमित्त साधून अजिंठा इथं बचत गट, महिला मंडळं आणि शाळा-कॉलेजातल्या मुली यांचा एकत्र मेळावा झाला. त्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)



फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, ‘सूक्ष्म कण मोजणारी यंत्रं आणि आपण’. तो वाचून सकाळपासून चारपाच जणींनी मला विचारलं, ‘ताई, आज हे काय काढलंत? पोटगीचं सांगा, पेन्शनचं सांगा.’ तेही सांगणार आहे, दुपारनंतर. मी काही शास्त्रज्ञ नाही. एमएसडब्ल्यू करून या भागात बायकांबरोबर काम करणारी एक कार्यकर्ती आहे. रेशनकार्ड, दारू, मारहाण, गटाचं कर्ज हे माझे रोजचे विषय. पण माझी मावसबहीण इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर आहे आणि या यंत्रांच्या कामात तिनं काही वर्षं घालवली. दिवाळीत ती घरी आली होती. पोळ्या लाटता लाटता तिनं मला तिचं काम समजावून सांगितलं आणि मला वाटलं, अरे, हे तर आपलंच चाललंय. म्हणून आज तुमच्यापुढे उभी आहे.

सुरुवात कापसापासून करते. गेल्या वेचणीत काय झालं ते इथल्या काही जणींना ठाऊक आहे. संध्याकाळी शेताच्या बांधावर वजन व्हायचं. मजुरी किलोवर. पण काटा असा होता की अर्ध्या किलोच्या खालचं तो दाखवतच नव्हता. प्रत्येकीचा थोडा थोडा कापूस रोज हवेत जायचा. एके दिवशी बायकांनी स्वतःचा काटा आणला, दोन्हीवर वजन केलं आणि मग बोलणं झालं. मालक म्हणाला, ‘काट्यावर दिसत नाही त्याला मी काय करू?’ त्यावर एक मावशी म्हणाली, ‘काट्यावर दिसत नाही म्हणून कापूस नाही असं होत नसतं, मालक.’

माझ्या आजच्या भाषणात याच्यापेक्षा जास्त काही नाही. मोजणारी वस्तू कुणीतरी बनवलेली असते. काय मोजायचं, किती बारीक मोजायचं आणि कशाच्या खालचं सोडून द्यायचं, हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. जगातली सगळ्यात बारीक मोजणी करणारे लोक हे कसं ठरवतात, ते आता बघू.

सगळ्याजणी उजवा तळहात पुढे करा. आता मनात सावकाश एक ते पाच आकडे मोजा. झाले? एवढ्या वेळात तुमच्या तळहातातून साधारण पाच-सहा कण आरपार निघून गेले. त्यांना म्यूऑन म्हणतात. अवकाशातून येणारे किरण वर हवेच्या थरांवर आदळतात, त्यातून ते तयार होतात आणि जमिनीवर पावसासारखे पडत राहतात. बोटाच्या नखाएवढ्या जागेतून मिनिटाला एक, असं धरून चाला. पाटलीणबाईच्या हातातून गेले तितकेच वेचणीला जाणाऱ्या बाईच्या हातातूनही गेले. कुणाला काही कळलं? नाही. कारण नुसतं घडणं वेगळं आणि घडलेलं वाचता येणं वेगळं.

आपल्या लेण्यांचंच बघा. भिंतीवरची चित्रं दीड हजार वर्षांपासून तिथं आहेत. पण आत अंधार. पूर्वी लेणी दाखवणारे लोक दारात आरसा धरायचे, त्यावरून ऊन आत फेकायचे, तेव्हा कुठं तो पद्मपाणी दिसायचा. कण पकडणाऱ्या यंत्राला डिटेक्टर म्हणतात. त्याच्या आत जे घडतं ते बाहेर वाचायला लावणारी जी यंत्रणा असते, तारा, सर्किटं, चिपा, तिला इंजिनिअर लोक ‘रीडआउट’ म्हणतात. आपण तिला वाचनयंत्रणा म्हणू. तीच आपली आरसा धरणारी.

आता ही वाचनयंत्रणा यायच्या आधी हे काम कोण करत होतं? बायका करत होत्या. हे मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडलं नव्हतं.

तेव्हा फोटोच्या काचेवर जसा मसाला असतो तसा जाड मसाला लावलेल्या काचा डोंगरावर महिनोन्‌महिने ठेवायच्या. कण त्यातून गेला की बारीक रेघ उमटायची. मग त्या काचा धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली इंच इंच तपासायच्या. ही पद्धत नावारूपाला आणली मारिएटा ब्लाऊ या व्हिएन्नातल्या बाईनं. १९३७ साली तिनं आणि हेर्ता वामबाखर हिनं डोंगरावर ठेवलेल्या काचांमध्ये अणूचा गाभा फुटल्याच्या खुणा शोधल्या. ब्लाऊ ज्यू होती, १९३८ साली तिला देश सोडावा लागला. आपल्याकडे कलकत्त्याच्या विभा चौधुरी यांनी देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर दार्जिलिंगच्या डोंगरात अशाच काचा ठेवल्या. १९४१-४२ साली त्यांचे लेख ‘नेचर’मध्ये आले. पण महायुद्ध चालू, चांगल्या प्रतीच्या काचा मिळेनात, काम तिथंच अडलं. पुढे इंग्लंडात ब्रिस्टल इथं सेसिल पॉवेल यांनी चांगल्या काचा वापरून १९४७ साली पायॉन नावाचा कण सिद्ध केला आणि १९५० साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्या प्रयोगशाळेत या काचा दिवसभर डोळ्यांनी तपासणाऱ्या मुलींचा एक गटच होता. तो कण पहिल्यांदा दिसला तो त्यातल्या मारिएटा कुर्झ या मुलीला.

विभा चौधुरी १९४९ साली मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आल्या. तिथल्या त्या पहिल्या स्त्री-संशोधक. १९९१ साली त्या गेल्या तेव्हा फारशी कुणी दखल घेतली नाही. २०१९ साली एका ताऱ्याला त्यांचं नाव दिलं गेलं, ‘बिभा’. मरणानंतर अठ्ठावीस वर्षांनी.

मग काळ बदलला. १९६८ साली जॉर्ज शार्पाक या शास्त्रज्ञानं तारांचा डिटेक्टर बनवला. वायूने भरलेल्या पेटीत बारीक तारा ओढलेल्या आणि प्रत्येक तारेला स्वतःचं इलेक्ट्रॉनिक सर्किट. कण जवळून गेला की तार बोलते, सर्किट ते टिपून घेतं. फोटो नको, काचा नकोत, तपासणाऱ्या मुलीही नकोत. काम पूर्वीपेक्षा हजारपट वेगानं व्हायला लागलं. १९९२ साली शार्पाक यांना नोबेल मिळालं. विज्ञानाच्या दृष्टीनं ही फार मोठी उडी होती, यात शंका नाही. पण आपण आपला प्रश्न विचारू. डोळ्यांनी वाचायचं तेव्हा बायका होत्या. वाचण्याचं काम यंत्राकडे गेलं, तेव्हा ते यंत्र बनवायला कोण बसलं? उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. गिरणीत, शेतात, पिठाच्या चक्कीवर आपण हेच पाहिलं आहे. यंत्र आलं की बाईचं काम जातं आणि यंत्राचा मालक, मिस्त्री, इंजिनिअर पुरुष होतो.

आता आपल्या मुंबईत काय झालं ते सांगते, कारण हे सगळं परदेशातच घडतं असं मुलींना वाटायला नको. स्वित्झर्लंड-फ्रान्सच्या हद्दीवर ‘सर्न’ या संस्थेत जमिनीखाली मोठं कणयंत्र आहे. २०१२ साली हिग्ज बोसॉन सापडल्याची बातमी तुम्ही ऐकली असेल. त्या शोधातल्या ‘सीएमएस’ या डिटेक्टरचा एक भाग, बाहेरच्या बाजूचे प्लास्टिकच्या खास पट्ट्यांचे ४३२ ट्रे, मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट आणि चंदीगडचं पंजाब विद्यापीठ यांनी मिळून केला. कण गेला की पट्टीत प्रकाशाचा बारीक कण चमकतो, तो हिरव्या धाग्यासारख्या तंतूतून बाहेर येतो आणि तिथं इलेक्ट्रॉनिक्स त्याची वीज करून वाचतं.

दुसरं काम आपल्या देशातल्या भूमिगत वेधशाळेसाठी. न्यूट्रिनो नावाचे कण असे आहेत की सूर्याकडून येणारे सहा हजार कोटींहून जास्त न्यूट्रिनो दर सेकंदाला नखाएवढ्या जागेतून जातात आणि कशालाही शिवत नाहीत. ते पकडायचे तर डोंगराखाली, खाणीखाली जावं लागतं, म्हणजे बाकीच्या कणांचा गलका वरच अडतो. कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल, १९६५ साली, आपल्या लोकांनी जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांबरोबर हवेत तयार होणारे न्यूट्रिनो पकडले होते. जगात ते पहिल्यांदा जिथं सापडले त्यातली ही एक जागा. तीच परंपरा पुढे न्यायची म्हणून नव्या वेधशाळेचा आराखडा झाला. पन्नास हजार टन लोखंड, त्याच्या पत्र्यांच्या मधे काचेचे चौकोनी डिटेक्टर, एकेक साधारण दोन मीटर लांब नि दोन मीटर रुंद, असे २८ हजार ८००. प्रत्येकाला तांब्याच्या पट्ट्या, ६४ उभ्या आणि ६४ आडव्या. गुणाकार करा. जवळजवळ ३७ लाख पट्ट्या. प्रत्येक पट्टीचं बोलणं ऐकायला सर्किट हवं. त्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्रात खास चिप बनवली, तिचं नाव ठेवलं ‘अनुस्पर्श’.

ही वेधशाळा अजून झालेली नाही, हेही सांगायला हवं. जागा तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात ठरली, २०१५ साली केंद्रानं मंजुरी दिली. पण डोंगर फोडणार, पाण्याचं काय, जंगलाचं काय, असे प्रश्न तिथल्या लोकांनी विचारले, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२२ साली तमिळनाडू सरकारनंही सर्वोच्च न्यायालयात विरोध नोंदवला. विज्ञान चांगलं आहे म्हणून लोकांना विचारायचं नाही, हे आपल्याला मान्य नाही. आणि लोकांचा विरोध आहे म्हणून विज्ञानच वाईट, हेही मान्य नाही. मदुराईला ८५ टनांचा छोटा डिटेक्टर मात्र उभा केला आणि त्यावर काम झालं.

आता त्या काचेच्या डिटेक्टरच्या आत जाऊ. दोन काचा, त्यांच्यात दोन मिलिमीटरची फट. फटीत वायू आणि काचांना सुमारे दहा हजार व्होल्टचा दाब. कण गेला की वायूत ठिणगीची नुसती सुरुवात होते, ठिणगी पडत नाही. बाहेरच्या तांब्याच्या पट्टीवर त्याचा इवलासा झटका उमटतो, व्होल्टच्या हजाराव्या भागांत मोजावा इतका. तो टिकतोही सेकंदाच्या एक कोट्यांश भागाहून कमी. सर्किटाचं पहिलं काम हा झटका मोठा करणं. दुसरं काम निवाडा करणं, की हा झटका खराच कणाचा आहे की उगीचचा गोंगाट. वायूत, तारांत, सर्किटात स्वतःचा गोंगाट सतत चालू असतो. म्हणून एक पातळी ठरवतात. झटका त्या पातळीच्या वर गेला तर तो मोजायचा, खाली राहिला तर सोडून द्यायचा. इंग्रजीत या पातळीला जो शब्द आहे त्याचा मराठी अर्थ माझ्या बहिणीनं सांगितला आणि मी लाटणं खाली ठेवलं. त्याचा अर्थ उंबरठा.

उंबरठा खाली ठेवला तर सगळा गोंगाट आत येतो आणि खरं त्यात बुडून जातं. उंबरठा उंच ठेवला तर वही स्वच्छ राहते, पण खरे कण बाहेरच राहतात. आणि बाहेर राहिले ते कायमचेच. त्या सर्नच्या यंत्रात सेकंदाला चार कोटी वेळा कणांचे जथे एकमेकांतून जातात. सगळं लिहून ठेवणं शक्य नाही. सर्किटं सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात ठरवतात आणि चार कोटींतले एक लाख पुढे पाठवतात. बाकीचे गेले. ते परत बघता येत नाहीत. म्हणून उंबरठा कुठं ठेवायचा यावर हे लोक वर्ष वर्ष भांडतात, तपासतात, लिहून ठेवतात.

एवढ्यावर ते थांबत नाहीत. एकाच पट्टीचं ऐकून ते विश्वास ठेवत नाहीत. चला, आपण करून बघू. पुढच्या चार रांगांतल्या बायांनो, तुम्ही डिटेक्टरचे चार थर. मी या दारापासून त्या भिंतीपर्यंत रांगा ओलांडत जाते. जिच्या जवळून जाईन तिनं हात वर करायचा. आणि मधेच कुणाला वाटलं तर उगीचही हात वर करा, तो गोंगाट. (हशा) बघा, मागून बघणाऱ्या मुलींनो, उगीचचे हात इकडे तिकडे दिसले. पण मी गेले तेव्हा एकामागून एक चार हात एका रेषेत उठले. तुम्ही न बघताही सांगाल, इथून कुणीतरी गेलं. एका हाताचा गोंगाट म्हणता येतो. एका क्षणी, एका रेषेत चार हात उठले तर त्याला पुरावा म्हणतात. ही युक्ती तारांच्या डिटेक्टरच्याही आधीची, शंभर वर्षांपूर्वीची आहे. ती काढणाऱ्या वाल्टर बोथे यांना १९५४ साली नोबेल मिळालं.

तुम्ही म्हणाल, ताई, हे तर आम्ही रोज करतो. एकटी बाई चौकीवर गेली की ‘घरगुती भांडण आहे, जा’ म्हणतात. चौघी गेलो की खुर्ची देतात. बरोबर. पण इथं मला तुम्हाला थांबवायचं आहे. एकजूट हवीच. पण दर वेळी चौघींना का जावं लागावं? एकटीचं खरं नसतं का? आणि हे यंत्रवाले लोक या प्रश्नाचं काय करतात, ते मला या सगळ्यात सर्वात मोलाचं वाटलं.

नवा डिटेक्टर बनला की तो दोन चांगल्या, ओळखीच्या डिटेक्टरांच्या मधे ठेवतात. एक वर, एक खाली. वरचा बोलला, खालचाही बोलला, म्हणजे कण मधल्यातून गेलाच असणार. आता मधला बोलला का बघायचं. बोलला तर ठीक. गप्प राहिला तर वहीत नोंद करायची, हुकला. शंभरातले किती हुकले ते काढायचं. जास्त हुकले तर उंबरठा खाली करा, व्होल्ट वाढवा, चिप बदला. कण आलाच नव्हता, असं कुणी म्हणत नाही. दोष कणाचा नसतो, न वाचणाऱ्याचा असतो. आपण काय चुकवलं, हे मोजल्याशिवाय ते लोक स्वतःच्या यंत्राला चांगलं म्हणत नाहीत.

आता गावात या. तिला मारतात हे वरच्या घराला माहीत आहे, खालच्या घराला माहीत आहे. मधली वही, म्हणजे चौकीची, पंचायतीची, कोरी आहे. आणि सभेत अभिमानानं सांगतात, ‘आमच्या गावात एकही तक्रार नाही.’ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. आपल्या राज्यात लग्न झालेल्या दर चार बायकांमागे एकीनं नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. आणि देशभरात हिंसा सोसलेल्या शंभरातल्या ७७ जणींनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. घरी जाऊन, विश्वासात घेऊन विचारलं तेव्हा आकडा वर आला. मधली वही मात्र गप्प. मग हुकलं कोण? बाई की वही?

कामाचंही तसंच. जनगणनेत घरकाम करणारी बाई ‘काम न करणारी’ म्हणून मोजली गेली. शेतातलं, घरच्या धंद्यातलं बिनपगारी काम धरा, असं प्रश्नातच लिहावं यासाठी बायकांच्या संघटनांना झगडावं लागलं, तेव्हा १९९१ च्या जनगणनेत ते शब्द आले. प्रश्न बदलला, बाई तीच. पुढे सरकारनं दिवसाचा वेळच मोजला. २०१९ च्या पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं गेल्याचं दिसलं, पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत २८९ आणि ८८. रोजचे जवळजवळ पाच तास. आपल्या आज्या-पणज्यांनीही ते केले, पण काटाच तसा नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं की मोजणारी यंत्रं, मोजणारे प्रश्न, मोजणाऱ्या वह्या बनतात त्या टेबलाशी बाई बसली पाहिजे. नंतर जाऊन तक्रार करण्यात आपलं आयुष्य जातं.

आणि इथंच आपली गाडी अडते. १९७३ साली मुंबईत अंधेरीला सीप्झ ही निर्यात वसाहत निघाली. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत तरुण मुली मोठ्या संख्येनं घेतल्या गेल्या. सर्किटावर बारीक बारीक भाग झाळायचे, भिंगातून बघून. म्हणे, बायकांची बोटं नाजूक. बोटं नाजूक म्हणून मजुरी कमी, हा हिशोब आपल्याला कळतो. जी बोटं झाळू शकतात ती सर्किट आखू शकत नाहीत, असं कोण म्हणतं? आखायला पेन्सिल लागते आणि शिक्षण लागतं. पेन्सिल जड नसते.

माझंच सांगते. लहानपणी घरातला बिघडलेला रेडिओ मी खोलून परत जोडला होता. वाजला नाही, पण स्टेशन बदलल्यावर खरखर करायला लागला होता. (हशा) घरात पॉलिटेक्निकचा विषय निघाला तेव्हा भावाचं नाव निघालं. मला आर्ट्स. कुणी दुष्ट नव्हतं. माझा झटका त्या उंबरठ्याच्या वर आलाच नाही, एवढंच. मला माझं काम आवडतं, मी रडगाणं गात नाहीये. माझी मावसबहीण मात्र हट्टानं गेली. रात्री उशिरापर्यंत प्रयोग चालतो, परत कसं जायचं, मूल झाल्यावर कुणाकडे ठेवायचं, याची उत्तरं तिला कुणी आखून दिली नव्हती. मूल दोन वर्षांचं झालं आणि तिनं ते काम सोडलं. आता ती दुसरीकडे नोकरी करते. तिनं आखलेली सर्किटं अजून चालतात, असं ती सांगते. सांगताना लाटणं जरा जोरात फिरतं.

आज विज्ञान दिन म्हणून आपण जमलो. २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन यांचा शोध जाहीर झाला, त्याचा हा दिवस. तो शोध थोर आहे. त्याच रामन यांनी १९३३ साली बंगलोरच्या संस्थेत आपल्या कमला भागवतांना, पुढच्या कमला सोहोनींना, बाई म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत, अटी घालून का होईना, घ्यावं लागलं. १९३९ साली केंब्रिजची पीएचडी मिळवून विज्ञानात पीएचडी झालेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. विज्ञान दिनाला दोन्ही गोष्टी मुलींना सांगायच्या. पुण्याच्या रोहिणी गोडबोले कणभौतिकीतल्या जगभर नावाजलेल्या शास्त्रज्ञ. २००८ साली त्यांनी भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या हकिकती गोळा करून इंग्रजीत पुस्तक संपादित केलं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. आणि सर्नच्या महासंचालकपदी २०१६ साली पहिल्यांदा एक बाई आली, फाबिओला जानोत्ती. तेव्हा दार बंद नाही. पण उंबरठा आहे.

कुणी म्हणेल, कण मोजून आमच्या पोटाला काय? प्रश्न रास्त आहे. कॅन्सरच्या पेशंटचा पेट स्कॅन होतो ना, त्यात शरीरातून एकाच क्षणी विरुद्ध दिशांना दोन किरण निघतात. दोन्ही बाजूंचे डिटेक्टर एकाच वेळी बोलले तर गाठ कुठं आहे ते कळतं. आत्ता आपण हात वर करून खेळलो तेच. आणि टाटा इन्स्टिट्यूटमध्ये कण मोजायला जी इलेक्ट्रॉनिक्सची माणसं जमली, त्यांच्यातून पुढे भाभा केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि १९६७ साली हैदराबादची ईसीआयएल उभी राहिली. मतदानाची यंत्रं बनवणाऱ्या आपल्या देशातल्या दोन सरकारी कंपन्यांपैकी ती एक. तुमचं मत मोजणारं यंत्र कुठल्या घरातून आलंय, बघा.

आता कामाचं. आपल्या एका गटातल्या बाईची मुलगी आज इथं बसली आहे, नाव घेत नाही. दहावीला गणित-विज्ञानात चांगले मार्क. तिला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचा आहे. घरी म्हणतात, इथंच टायपिंग शिक. शहर शंभर किलोमीटर, होस्टेल, बस, लोक काय म्हणतील. २०२४ पासून राज्य सरकारनं कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मागास व दुर्बल प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली आहे. त्यात कुठला कोर्स बसतो, ते अर्ज भरतानाच बघून घेऊ. पण फी हा एकच उंबरठा होता. खोली, जेवण, प्रवास आणि घरची परवानगी हे बाकीचे आहेत. संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन शिकवणारी सरकारी संस्था आहे. आपल्या किती मुलींनी ती बघितली आहे? म्हणून तीन गोष्टी ठरवू या. एक, गटांच्या बचतीतून मुलींच्या पुढच्या शिक्षणासाठी बिनव्याजी कर्जाचा वेगळा हिशोब. दोन, उन्हाळ्यात मुलींना घेऊन त्या संस्थेत आणि एखाद्या पॉलिटेक्निकमध्ये जायचं. सोबत त्यांच्या आया, कारण परवानगी आईच्या डोळ्यांनी मिळते. तीन, शाळेत झाळायचं यंत्र, जुने रेडिओ आणि मोकळी दुपार. मुलगे नकोत असं नाही, पण पहिली पाळी मुलींची.

आता चहा येईल. चहा घेताना प्रत्येक गटाच्या अध्यक्षांनी ही वही घ्यावी आणि आपल्या गावातल्या दहावी-बारावीनंतर घरी बसलेल्या मुलींची नावं लिहावीत. ‘आमच्याकडे कुणी नाही’ असं लिहायचं असेल तर लिहा. पण मग वही शेजारणीकडे द्या, आणि त्याच गल्लीतल्या खालच्या घरातल्या बाईकडेही द्या. दोघींनी एकच नाव घेतलं, तर वहीतली पहिली नोंद खोडून ते नाव लिहायचं.